रीफ टँकमध्ये अँटिबायोटिक ओतायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरी समुद्री टँकमध्ये कोरल (प्रवाळ) सांभाळण्यावर पूर्ण पानाचा लेख आला होता तो वाचला. समुद्री टँकवर मराठीत इतकं कमी लिहिलं जातं की एवढी जागा दिलेली बघून खूप बरं वाटलं, फोटो पण छान होते आणि खारटपणा, तापमान, लाइट वगैरे माहिती बरोबरच होती. पण शेवटी शेवाळाचा जो भाग आहे त्यात म्हटलंय की शेवाळ दिसलं की शेवाळनाशक टाका, लाल थर आला तर एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक टाका, आणि दगड फारच हिरवे झाले असतील तर बाहेर काढून उकळा आणि परत लावा. हे वाचून गप्प बसवेना. पहिल्या दोन गोष्टींनी टँकची वाट लागते आणि तिसरीने माणूस हॉस्पिटलमध्ये जाऊ शकतो.

तिसरीपासूनच सुरू करतो कारण ती सगळ्यात तातडीची आहे. लाइव्ह रॉकवर, म्हणजे समुद्रातून जीवांसकट आणलेल्या दगडांवर, बऱ्याचदा बटणासारखे गोल गोल झोअँथिड आणि पॅलिथोआ हे कोरलच्या नात्यातले प्राणी चिकटलेले असतात, दिसायला एकदम निरुपद्रवी. त्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गात सापडणाऱ्या अतिशय जहाल विषांपैकी एक. दगड उकळला, किंवा गरम पाण्याच्या प्रेशरने धुतला, की ते विष वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर हवेत येतं आणि घरातले सगळे ते श्वासातून आत घेतात. अशा प्रकारे आख्खी कुटुंबं, पाळलेल्या कुत्र्यांसकट, आजारी पडल्याच्या घटना नोंदवलेल्या आहेत, ताप, थंडी, खोकला, धाप लागणं, डोळ्यांची आग. साधं दगड घासायचं काम असलं तरी हातमोजे आणि चष्मा घालून, दगड पाण्याखाली ठेवूनच करायचं असतं, हातावर जखम असेल तर करूच नये. त्यामुळे बाकी काही छापलं नाहीत तरी चालेल पण ही एवढी दुरुस्ती कृपया ठळक अक्षरात छापा.

आता शेवाळनाशकाचं. लेख लिहिणाऱ्यांनी सगळ्यात मूळ गोष्ट विसरून सल्ला दिलाय असं मला वाटतं, ती म्हणजे कोरल स्वतःच शेवाळाच्या जिवावर जगतो. कोरलच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशी शेवाळ असतं, एका चौरस सेंटीमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात, ते उजेडात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं, आणि कोरल त्याला राहायला जागा आणि स्वतःचा टाकाऊ नायट्रोजन देतो. पाणी जास्त तापलं की हेच शेवाळ बाहेर पडतं आणि कोरल पांढरा होतो, ज्याला आपण ब्लीचिंग म्हणतो. मग जे रसायन हिरव्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं ते कोरलच्या आतल्या शेवाळाला सोडून देईल असं का वाटावं? आणि तांबं असलेलं औषध असेल तर ते गोगलगायी, कोळंब्या, खेकडे सगळ्यांना मारतं, शिवाय दगडात आणि वाळूत शोषलं जाऊन पुढे बराच काळ हळूहळू सुटत राहतं. म्हणजे शेवाळ खाणारे मेले आणि शेवाळ परत आलं, असा उलटा हिशोब.

शेवाळ रोगासारखं आहे आणि त्याला औषध आहे, ही कल्पनाच मुळात डोक्यातून काढायला हवी. शेवाळ येतं तेव्हा टँकमध्ये मोकळी जागा असते, खायला असतं आणि खाणारं कोणी नसतं. या तीनपैकी निदान दोन गोष्टी बदलल्याशिवाय ते जात नाही, आणि त्या बदलायचं सगळ्यात मोठं काम आपण करतच नाही, बॅक्टेरिया करतात. लेखात त्यांच्याबद्दल एकच ओळ होती, 'टँक सायकल होऊ द्यावा' (म्हणजे हे बॅक्टेरिया रुजेपर्यंत थांबावं), एवढीच.

मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, न खाल्लेलं खाणं कुजून अमोनिया होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने त्या अमोनियातला विषारी भाग गोड्या पाण्याच्या मानाने जास्त असतो, त्यामुळे इथे ढिलाई चालत नाही. बॅक्टेरियांचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. हे काम करणारे सूक्ष्मजीव १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने वेगळे वाढवून दाखवले, आणि त्यानंतर शंभरेक वर्षं सगळ्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोनच नावं चालत राहिली. नंतर कळलं की अ‍ॅक्वेरियममध्ये नायट्राइटचं काम बहुतेक नायट्रोस्पायरा करतो. २००५ मध्ये तर त्याहून मोठी गोष्ट कळली, सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियमच्या समुद्री टँकमधल्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस नावाचा जीव मिळाला जो अमोनियावर जगतो पण बॅक्टेरिया नाहीच, आर्किया (बॅक्टेरियासारखेच दिसणारे पण वेगळ्याच कुळातले एकपेशी जीव) आहे! आणि आता माहितीय की त्याच्या गोतावळ्यातले जीव जगभरच्या समुद्रात प्रचंड संख्येने आहेत. आणि मग २०१५ मध्ये असा नायट्रोस्पायरा सापडला जो अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करतो. एका शौकाच्या काचेच्या पेटीत जे चालतं त्यातून विज्ञानाला एवढं मिळालंय हे मला तरी फार भारी वाटतं, आणि म्हणूनच त्यात अँटिबायोटिक ओता म्हटलं की पोटात गोळा येतो.

या जीवांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर निम्म्या चुका टळतात. एक, ते पाण्यात तरंगत नाहीत, दगडावर, वाळूच्या कणावर, पाइपच्या आत पातळ चिकट थर करून राहतात. म्हणून पाणी बदललं तर बॅक्टेरिया जातील ही भीती खोटी, पण सगळे दगड एकदम काढून नळाच्या पाण्याखाली घासले तर मात्र नक्की जातात, क्लोरीन त्यांच्यासाठीच बनवलेलं आहे. दोन, ते फार हळू वाढतात. कुजकं खाणारे बॅक्टेरिया वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, पण अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी आख्खा दिवस लागतो. त्यामुळे कोरा टँक सायकल व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बाटलीतले बॅक्टेरिया वापरायला माझी ना नाही, चांगले असतील तर वेळ कमी होतो, पण तपासायची साधी पद्धत आहे, मासे नसताना अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट करायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर बॅक्टेरिया कामाला लागलेत, नाही आले तर थांबायचं. माशाला टेस्ट किट म्हणून वापरू नये. आणखी एक, या सगळ्या कामात अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) खर्च होते, कोरल तर ती वापरतोच, म्हणून ती ८-९ डीकेएचच्या आसपास स्थिर ठेवली तर बॅक्टेरिया, कोरल आणि दगडावर येणारं गुलाबी कोरलाइन शेवाळ या तिघांनाही बरं पडतं.

नायट्रेटच्या पुढचं काम आणखी वेगळे बॅक्टेरिया करतात आणि तेही ऑक्सिजन नसलेल्या जागी, म्हणजे सच्छिद्र दगडाच्या आत खोलवर किंवा वाळूच्या जाड थराच्या तळाशी. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्यातून निघून जातो. म्हणून दगड जितका भोकाभोकांचा आणि हलका तितका कामाचा. १९६१ च्या सुमाराला इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी फिल्टरचा पसारा न मांडता समुद्रातले जिवंत दगड, नैसर्गिक पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवून दाखवले होते, पुढे जर्मनीत त्यात जोरदार स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि चांगल्या लाइटची भर पडून बर्लिन पद्धत झाली, आणि आजचे बहुतेक टँक तिचेच वारसदार आहेत. यातल्या कुठल्याच माणसाने पाणी निर्जंतुक करायच्या मागे लागून रीफ उभा केला नाही.

आता नवीन टँकमध्ये जे होतं ते लेखात अजिबात नव्हतं आणि नेमकं तिथेच लोक घाबरून औषधाकडे वळतात. सुरुवातीला वाळूवर तपकिरी पावडर येते, ते डायटम नावाचं एकपेशी शेवाळ, त्यांना सिलिकेट लागतं, बहुतेक वेळा ते संपलं की आपोआप जातात. मग काचेवर हिरवं, मग दगडावर केसांसारखं, मध्येच लाल थर. हे सगळं पहिल्या काही महिन्यांत येऊन जाणारच असतं कारण दगड कोरे असतात आणि जो आधी येईल त्याची जागा. विशेषतः हल्ली सगळे जण कोरडे दगड वापरतात, त्याला चांगली कारणं आहेत, नको ते कीटक येत नाहीत आणि समुद्रातून दगड उपसावे लागत नाहीत, पण त्यावर जीव काहीच नसतो आणि कधी कधी आत जुना फॉस्फेट भरलेला असतो. अशा वेळी एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधला मुठीएवढा दगड किंवा वाटीभर वाळू आणून टाकली तर जी विविधता मिळते ती कुठल्याही बाटलीत नाही, त्यात स्पंज, कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले ठिपक्याएवढे जीव), किडे, कोरलाइनचे बीजाणू सगळं असतं. रात्री लाइट बंद झाल्यावर काचेवर टॉर्च मारला आणि पांढरे ठिपके टुणटुण पळताना दिसले की समजायचं कोपेपॉड रुजले. आणि सुरुवातीला लाइट कमी ठेवा ना, कोरल नसताना बारा तास फुल लाइट कशासाठी? तो सगळा उजेड फक्त शेवाळाला मिळतो.

पाणी भरताना आरओ-डीआय फिल्टरमधून गाळलेलं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य आलेलं पाणीच वापरायचं, बाष्पीभवनाची भर घालायलाही तेच. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट काहीही असू शकतं आणि रोजची भर म्हणजे रोजचं खत.

लाल थराबद्दल. हा सायनोबॅक्टेरिया, नावाप्रमाणे बॅक्टेरियाच आहे, शेवाळ नाही. सकाळी वाळू बऱ्यापैकी स्वच्छ दिसते, दुपारपर्यंत वाईन रंगाची चादर पसरते, तिच्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे अडकलेले असतात, आणि नळीने ओढली की सलग पापुद्रा निघून येतो, हाताला बुळबुळीत आणि वासाला घाण. एरिथ्रोमायसिनने तो मरतो, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण ते औषध फक्त सायनोला शोधून मारत नाही, कोरलच्या चिकट थरात आणि दगडावर जे हजारो प्रकारचे बॅक्टेरिया आहेत त्यांच्यातल्या अनेकांवर घाव पडतो. मेलेला सायनो तिथेच कुजतो, कुजताना ऑक्सिजन खातो, रात्री तर पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी असतो, आणि सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. शिवाय ते पाणी शेवटी गटारात जातं. माणसाच्या इन्फेक्शनवर लागणारं अँटिबायोटिक, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, मोजमाप न करता काचेच्या पेटीत टाका असं मोठ्या वृत्तपत्राने सांगावं? रेझिस्टन्सवर तुम्हीच किती चांगले लेख छापलेत.

सायनो येतो कशाने? बहुतेक वेळा पाणी फिरत नाही अशा कोपऱ्यात, जिथे माशांची घाण साचते. किंवा नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट थोडासा उरलेला असा तोल गेलेला असतो, कारण बऱ्याच सायनोंना हवेतला, पाण्यात विरघळलेला नायट्रोजन थेट वापरता येतो, बाकीच्यांना येत नाही, म्हणजे नायट्रेट संपवून आपण स्पर्धकांना उपाशी ठेवतो आणि सायनोला मोकळं मैदान देतो. त्यामुळे उपाय म्हणजे तो पापुद्रा नळीने ओढून काढणं, पंपाची दिशा बदलून तिथे प्रवाह पोचवणं, साचलेली घाण काढणं, आणि दोन-तीन आठवडे हेच चिकाटीने करणं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण टिकतं.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. लेखात म्हटलंय 'नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा'. कृपया हे लोकांना सांगू नका! खऱ्या रीफच्या पाण्यात हे आकडे अगदी कमी असतात हे खरं, पण तिथे प्लँक्टनने भरलेलं नवीन पाणी चोवीस तास कोरलवरून वाहत असतं, खायला सतत येत असतं. आपल्या पेटीत ते नसतं. इथे नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या दरम्यान ठेवला की कोरलचा रंगही टिकतो आणि बॅक्टेरियाही. शून्य केलं की कोरल फिका पडतो, कोरलाइन थांबतं, साधं हिरवं शेवाळ पण मरतं आणि मग रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशी जीव येतात, ज्यांच्यापुढे हेअर अल्गी (ते केसांसारखं शेवाळ) म्हणजे सुख.

एका ओळखीच्यांचा टँक बघायला गेलो होतो तेव्हा हे जवळून पाहिलं. पाणी आरशासारखं, टेस्टमध्ये दोन्ही आकडे शून्य, आणि कोरलच्या टोकांवरून तपकिरी शेंबडासारख्या तारा लोंबत होत्या, प्रत्येक तारेच्या टोकाला एक बुडबुडा. गोगलगायी वाळूवर उलट्या पडलेल्या. तो थर थोडा बरणीत घेऊन टँकच्याच पाण्यात जोरात हलवला, टिश्यूपेपरमधून गाळून घेतला आणि ते गाळलेलं पाणी लाइटखाली ठेवलं, तासाभरात त्यात पुन्हा तारा जमल्या. डायटम आणि सायनो सहसा असे परत जमत नाहीत. मग मायक्रोस्कोपखाली ४०० पटीवर बघितलं तर थेंबाच्या आकाराचे जीव एका जागी दोरीने बांधल्यासारखे गरगर फिरत होते, ऑस्ट्रेऑप्सिस नावाचे डायनोफ्लॅजेलेट. याच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषं बनवतात, इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात त्याची वाढ झाली तेव्हा नुसत्या समुद्राच्या हवेने दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले होते. गोगलगायी का मेल्या ते त्यातून कळलं. टँकच्या मालकांनी मग स्किमर आणि फॉस्फेट काढणारं लोखंडी मिडिया बंद केलं, नायट्रेट आणि फॉस्फेट थोडे थोडे डोस करून वर आणले, आणि हा जीव रात्री वाळू सोडून पाण्यात येतो म्हणून टँकच्या पाण्यावर थेट यूव्ही लावला. हळूहळू तारा गेल्या, हिरवी बुरशीसारखी छटा आली आणि ती बघून ते खूश झाले. जात ओळखल्याशिवाय काही करू नये ते यासाठीच, अ‍ॅम्फिडिनियम असता तर तो वाळूतच बसून राहतो, त्याला यूव्हीचा फारसा फरक पडत नाही.

फॉस्फेटबद्दल अजून एक गोम आहे. कोरलचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो फॉस्फेट स्पंजसारखा धरून ठेवतो आणि पाण्यातला कमी झाला की परत सोडतो. म्हणून टेस्ट ०.०१ दाखवते आणि दगडावर हिरवे केस हातभर असतात, लोक म्हणतात टेस्ट किट खराब आहे. किट बरोबर असतं, शेवाळ आणि दगड यांच्यात जो व्यवहार चाललाय तो पाण्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी लोखंडी मिडिया भरमसाठ टाकून एका रात्रीत फॉस्फेट खाली आणला तर कोरलची कातडी सुटते. थोडा थोडा, आठवड्यांच्या हिशोबाने. नायट्रेट आणि फॉस्फेटचं प्रमाण काय असावं यावर लोक रेडफिल्डचा आकडा सांगतात, समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये समुद्राच्या पाण्यात आणि प्लँक्टनमध्ये पाहिलेलं आणि पुढे नायट्रोजन १६ अणूंना फॉस्फरस १ असं ठरलेलं गुणोत्तर. तो खुल्या समुद्राची सरासरी आहे, टँकचं टार्गेट नाही, पण दोन्हीपैकी एकही संपू देऊ नये एवढा अर्थ त्यातून घेतला तरी पुष्कळ.

लेखात चरणाऱ्या प्राण्यांचा एक शब्द नाही हे मला सगळ्यात जास्त खटकलं. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाचे काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन कुठल्याशा रोगाने ९० टक्क्यांहून जास्त मेले. तिथले शेवाळ खाणारे मासे आधीच पकडून संपवलेले होते, वादळाने कोरल मोडलेला होता, आणि चरायला शेवटचा जो उरला होता तोही गेला. जमैकाच्या रीफवर १९७७ मध्ये कोरल ५२ टक्के आणि शेवाळ ४ टक्के होतं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरल ३ टक्के आणि शेवाळ ९२ टक्के. आख्खा समुद्र, पाणी बदलायची गरज नाही, प्रवाह भरपूर, तरी खाणारे गेले की हे होतं. मग आपल्या पेटीत गोगलगायी न ठेवता शेवाळ येतंच कसं म्हणून डोकं खाजवण्यात काय अर्थ? ट्रोकस गोगलगाय उलटी पडली तर स्वतः सरळ होते म्हणून ती मला टर्बोपेक्षा जास्त पसंत, टर्बो मात्र केसांचं रान सपाट करते. टक्सेडो अर्चिन उत्तम, फक्त सुटे कोरल पाठीवर घेऊन फिरतो. बुडबुड्यांच्या शेवाळाला हिरवा एमराल्ड खेकडा खातो, बहुतेक वेळा. टँग मासे सुंदर चरतात पण त्यांना पोहायला लांबी लागते, छोट्या टँकमध्ये शेवाळासाठी टँग आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि केस फार लांब वाढले की गोगलगायी पण खात नाहीत, आधी हाताने उपटावे लागतात. दगड बादलीत टँकचंच पाणी घेऊन त्यात धरायचा, मुळापासून चिमटीत पकडून ओढायचं, उरलेलं कडक टूथब्रशने घासायचं आणि ते गढूळ पाणी फेकून द्यायचं. टँकमध्येच घासलं तर प्रत्येक तुकडा नवीन जागा शोधतो. उपटलेल्या शेवाळात जो नायट्रोजन आणि फॉस्फरस आहे तो कायमचा टँकबाहेर गेला, औषधाने मारलेल्या शेवाळातला तिथेच परत विरघळला, एवढा साधा फरक आहे. याच तत्त्वावर रिफ्युजियम चालतो, सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) चीटो शेवाळाचा गोळा ठेवायचा, त्याला रात्री लाइट द्यायचा म्हणजे रात्री पीएचही फार पडत नाही, आणि वाढला की कापून फेकायचा. वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत शेवाळाच्याच जाळीवर पाणी शुद्ध करणारे स्क्रबर बनवले ते पण हेच. शेवाळ शत्रू नाही, ते कुठे वाढतं एवढाच प्रश्न.

बॅक्टेरियाला खायला घालून नायट्रेट कमी करायची पण पद्धत आहे, व्हिनेगर किंवा व्होडकाचे थेंब रोज टाकतात, बॅक्टेरिया तो कार्बन खाऊन वाढतात, वाढताना नायट्रेट फॉस्फेट ओढून घेतात आणि स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. चालते, पण अगदी कमी डोसपासून सुरू करायची, स्किमर चांगला असेल तरच, आणि पाणी दुधाळ झालं तर लगेच थांबायचं कारण तेव्हा ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. नवख्यांनी पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

२००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, कोरल आणि शेवाळ एकाच पाण्यात पण मध्ये ०.०२ मायक्रॉनची गाळणी, बॅक्टेरियासुद्धा पलीकडे जाणार नाही इतकी बारीक, तरी कोरल मेला. तेच पाण्यात अँटिबायोटिक टाकल्यावर कोरल वाचला. कोणी म्हणेल बघा, अँटिबायोटिकच बरोबर. पण त्याचा अर्थ असा लावला गेला की शेवाळातून झिरपणाऱ्या साखरेसारख्या पदार्थांवर कोरलवरचेच बॅक्टेरिया बेसुमार वाढतात आणि त्याचा श्वास कोंडतो. प्रयोगातलं अँटिबायोटिक गुन्हेगार ओळखण्यापुरतं होतं, घरच्या टँकमध्ये साखर सोडणारं शेवाळ काढायचं, फिल्टरमधला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन बदलायचा, प्रवाह वाढवायचा. उलट २०२१ मध्ये कोरलला निवडक चांगले बॅक्टेरिया दिल्यावर उष्णतेच्या ताणात त्याचं जगण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढल्याचं प्रसिद्ध झालंय. जगभरचे शास्त्रज्ञ कोरलला बॅक्टेरिया द्यायच्या मागे आहेत आणि आपण ते मारायचं औषध सुचवतोय.

शेवटचं, काढलेलं शेवाळ आणि दगड कुठे टाकायचे हे पण लिहायला हवं होतं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या ओशनोग्राफिक म्युझियमजवळ समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम एक चौरस मीटरचा ठिगळ दिसला होता, अ‍ॅक्वेरियममध्ये वाढवली जाणारी जात, आणि पुढे ती भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो एकर पसरली. कॅलिफोर्नियात तीच २००० मध्ये सापडली, तिथे लगेच ताडपत्री घालून क्लोरीनने मारली म्हणून २००६ मध्ये संपली असं जाहीर करता आलं. कॉलर्पाचा इवलासा तुकडा पुरतो. त्यामुळे टँकमधलं काहीही, पाणीसुद्धा, समुद्रात, खाडीत, नदीत ओतायचं नाही, शेवाळ पूर्ण वाळवून किंवा फ्रीझरमध्ये गोठवून मग कचऱ्यात.

तर विनंती अशी की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, तीन दुरुस्त्या छापाव्यात: दगड उकळू नयेत, एरिथ्रोमायसिन आणि शेवाळनाशक टाकू नये, नायट्रेट-फॉस्फेट शून्य करू नये. जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र कापा, माझी काही हरकत नाही. तो लेख वाचून या आठवड्यात कोणीतरी टँक भरायला घेतला असणार आणि त्याला पहिलं तपकिरी शेवाळ येईल तेव्हा ही माहिती त्याच्या हातात असायला हवी.

आपला,
एक नियमित वाचक आणि रीफ टँकवाला